गलबताची वाट पाहतांना

पंधराव्या शतकांत जेरुसलेमच्या यात्रेस निघालेला जर्मन किंवा इंग्रज मनुष्य बहुधा व्हेनिसला येई आणि तेथें अडकून पडे. यात्रेकरूंचीं गलबतें वर्षांतून ठराविक हंगामांतच, बहुतकरून मे-जूनमध्यें, सुटत. आणि सुटण्याचा नेमका दिवस वारा, माल व कप्तानाची सोय यांवर ठरे. त्यामुळें तीन आठवडे, कधीं महिनाभर, त्याला त्या शहरांत काढावे लागत. जहाजावर चढण्यापूर्वीं बंदराचें शहर पाहून घ्यावें, अशी सफरीवर निघालेल्या प्रवाशाला आज हौस असते. त्या यात्रेकरूस हौसेपेक्षां गरजच अधिक होती. पुढचा समुद्र चांच्यांचा, रोगराईचा व तुर्की आरमाराचा होता. परत येण्याची हमी कोणालाच नव्हती. या रिकाम्या दिवसांत त्यानें जें जें पाहिलें त्यावर पुढच्या प्रवासाची छाया पडलेली दिसते. आणि व्हेनिसच्या धोरणी राज्यकर्त्यांनीं त्याची ही अवस्था पुरती ओळखली होती.

काशीला किंवा गयेला यात्रेकरूस पंडे गांठतात, तसे व्हेनिसमध्यें त्याला ‘तोलोमारी’ गांठीत. मात्र हे वाटाडे सरकारनें नेमलेले असत. रिआल्तोजवळ व संत मार्कच्या चौकांत त्यांनीं पाळीपाळीनें उभें राहावें, परदेशस्थास उतारा मिळवून द्यावा, नाणें मोडून घेण्यास मदत करावी, कप्तानाशीं त्याची गांठ घालून द्यावी, अशी व्यवस्था होती. कप्तानांवरहि कायद्याची नजर असे. यांत धर्मप्रेम किती व व्यापार किती, हें वेगळें काढणें कठीण. फसविला गेलेला यात्रेकरू घरीं जाऊन बोलणारच, आणि त्याचे गांवकरी पुढल्या वर्षीं दुसऱ्या बंदराकडे वळणार, एवढें कळण्याइतकें तें प्रजासत्ताक व्यवहारी खास होतें.

या मुक्कामाचें सर्वांत रसाळ वर्णन उल्म येथील डोमिनिकन साधु फेलिक्स फाब्री यानें केलें आहे. १४८० सालीं तो प्रथम गेला, तेव्हां तुर्कांनीं ऱ्होड्स बेटाला वेढा घातला होता. ती बातमी ऐकून कित्येक यात्रेकरू वाटेंतूनच परतले. फाब्री पुढें गेला खरा, परंतु पवित्र भूमींत त्याला जेमतेम नऊ दिवस मिळाले. मनाचें समाधान न झाल्यामुळें १४८३ सालीं कांहीं सरदारांसमवेत तो पुन्हां व्हेनिसला आला. ज्या जर्मन पथिकगृहांत तो उतरला तेथें एक मोठा कुत्रा होता. जर्मन पाहुणा आला कीं तो शेपूट हलवून त्याचें स्वागत करी, आणि इटालियन मनुष्य दिसला कीं अंगावर धांवे. साधुमहाराज हा प्रकार अगदीं गंभीरपणें सांगतात, आणि त्यावरून दोन राष्ट्रांच्या वैराविषयीं एक सिद्धांतहि काढतात!

त्या वर्षीं दोन कप्तान गिऱ्हाइकांसाठीं टपलेले होते: पिएत्रो लांदो व आगोस्तिनो कोंतारिनी. संत मार्कच्या चौकांत दोघांचींहि निशाणें लागलीं होतीं, पांढऱ्या कापडावर तांबडा क्रूस. आणि त्या निशाणांखालीं दोघांचे नोकर आपल्या धन्याची थोरवी गात व दुसऱ्याची निंदा करीत उभे असत. मंडळी गलबत पाहावयास गेली, तेव्हां क्रीटची मदिरा व अलेक्झांड्रियाची मिठाई पुढें आली. कोंतारिनीच्या गलबतावरून फाब्री पूर्वीं जाऊन आलेला होता. तरी शेवटीं लांदोचें मोठें व नवें गलबत पसंत पडलें.

मग करारनामा झाला, आणि तो वाचतांना मिठाईची गोडी ओसरते. माणशीं ४० डुकाट, निम्मे व्हेनिसमध्यें व निम्मे याफाला. रोज दोन वेळचें जेवण. कोंबड्या ठेवण्यास जागा. वल्हेकऱ्यांच्या दांडगाईपासून संरक्षण. याच यादींत, तितक्याच कोरड्या भाषेंत, कोणी वाटेंत मेल्यास त्याच्या सामानास कप्तानानें हात लावूं नये व भाड्याचा भाग परत करावा, अशींहि कलमें आहेत. हा व्यवहार उरकून मंडळी शहर पाहावयास मोकळी झाली.

पाहावयाचें म्हणजे प्रथम संतांचे अवशेष. एका चर्चमध्यें संत लूसीचा देह होता. एका बेटावर संत हेलेनाचा म्हणून मानलेला देह होता. जेरुसलेमला ख्रिस्ताचा क्रूस शोधून काढल्याची कथा जिच्याविषयीं सांगतात तीच ही हेलेना, तेव्हां तिच्या दर्शनावांचून जेरुसलेमच्या यात्रेकरूस पुढें कसें जाववेल? लूसीचें चर्च १८६१ सालीं आगगाडीच्या स्टेशनासाठीं पाडलें गेलें. तिचें नांव मात्र स्टेशनाला राहिलें आहे, आणि गाडीनें येणारा प्रवासी आजहि त्याच नांवाच्या फलाटावर उतरतो.

नंतर आर्सेनाल, म्हणजे सरकारी जहाजांचा कारखाना. पेरो ताफूर हा कास्तिली सरदार १४३० नंतरच्या दशकांत व्हेनिसला येऊन गेला. त्यानें पाहिलेला देखावा असा: रस्त्यासारखा सरळ कालवा, दोहों बाजूंस कोठारांच्या खिडक्या; मधून रिकामें गलबत ओढीत आणावयाचें, आणि एका खिडकींतून दोर, दुसरींतून पाव, तिसरींतून शस्त्रें त्यावर चढवावयाचीं. टोकाला पोंचेपर्यंत गलबत सज्ज! सहा तासांत अशीं दहा गलबतें बाहेर पडलीं, असें तो सांगतो. थोड्याच दिवसांत असल्याच फळ्यांवर ज्याला आपला जीव सोपवावयाचा होता, त्याला हा कारखाना ही निव्वळ करमणूक वाटली नसावी.

सणांतहि यात्रेकरूस जागा होती. स्वर्गारोहणाच्या दिवशीं दोज, म्हणजे व्हेनिसचा अधिपति, सोनेरी नौकेंतून लिदोपर्यंत जाऊन समुद्रांत अंगठी टाकी व त्याच्याशीं लग्न लावी. कोर्पुस क्रिस्तीच्या मिरवणुकींत तर परका यात्रेकरू नुसता बघ्या राहत नसे. १४९४ सालीं मिलानचा वृद्ध पुरोहित पिएत्रो काझोला तींत होता. प्रत्येक यात्रेकरूच्या शेजारीं व्हेनिसचा एक एक उमराव चालला होता आणि यात्रेकरूच्या हातीं पेटती मेणबत्ती होती. त्यानंतर आठवडाभरांतच त्याचें गलबत सुटलें, आणि कप्तान होता तोच कोंतारिनी.

या सक्तीच्या विश्रांतींतून एक अमोल वस्तु निपजली. १४८३ च्याच हंगामांत माइन्झचा धर्माधिकारी ब्राइडेनबाख व्हेनिसला तीन आठवडे थांबला होता. त्यानें सोबत रॉयविख नांवाचा चित्रकार आणला होता. १४८६ सालीं माइन्झला छापलेल्या त्यांच्या ग्रंथांत व्हेनिसचें घडी घातलेलें चित्र आहे. तें उलगडलें कीं दीड मीटरांहून लांब होतें. पाण्यावरून दिसणारा शहराचा दर्शनी भाग त्यांत सबंध आला आहे. त्याच पाण्यांतून अलीकडे प्रचंड प्रवासी जहाजें जात असत. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना तेथें मज्जाव झाला.

सामानाची खरेदी शेवटीं होई. १४५८ व १४६२ सालीं जाऊन आलेला ईटनचा विल्यम वे मागून येणाऱ्यांस बजावतो, कीं जागा वरच्या मजल्यावर घ्या, खालीं उकाडा व दुर्गंधी असते. अर्धा डझन कोंबड्या, त्यांचें खुराडें व दाणा बरोबर असूं द्या. संत मार्कच्या चर्चजवळ एक मनुष्य गादी, उशा व चादरी तीन डुकाटांस देतो. परत आल्यावर त्या कितीहि फाटल्या-मळल्या असोत, दीड डुकाट देऊन तो त्या परत घेतो.

इंग्लंडच्या सातव्या हेन्रीच्या दरबारांतील सर रिचर्ड गिल्फर्ड १५०६ च्या उन्हाळ्यांत असाच कित्येक आठवडे व्हेनिसमध्यें होता. स्वर्गारोहणाचा सोहळा झाला, अवशेष झाले, आर्सेनाल झालें. सप्टेंबरांत जेरुसलेमला तो व त्याच्या सोबतचा मठाधिपति एका दिवसाच्या अंतरानें मरण पावले. त्याचा पुरोहित मात्र मायदेशीं परतला व त्यानें वृत्तांत लिहिला. १५११ सालीं तो लंडनला छापला गेला. धन्याच्या मरणाची हकीकत त्यांत थोड्या ओळींत आटोपली आहे. व्हेनिसमध्यें काय काय पाहिलें, तें मात्र सविस्तर लिहिलें आहे.