तुळापूर, चित्रपट आणि आमचीं मुलें

इतिहासांतील कांहीं प्रसंग असे असतात कीं, ते विसरणें हा कृतघ्नपणा होय आणि ते डोळ्यांनीं पाहाणें ही शिक्षा होय. श्रीसंभाजी महाराजांचा अंत हा त्यांपैकींच एक. ता. १ फेब्रुवारी १६८९ रोजीं मुकर्रबखानानें संगमेश्वरीं महाराजांस व कवि कलशास पकडलें. बहादुरगडच्या छावणींत विदूषकाच्या वेषांत त्यांची धिंड निघाली, पुढें त्यांस आंधळें करण्यांत आलें, आणि ता. ११ मार्च रोजीं, म्हणजे फाल्गुनी अमावास्येस, पाडव्याच्या आदल्या दिवशीं, भीमा-इंद्रायणीच्या संगमाजवळ तुळापूरच्या परिसरांत त्यांचा वध झाला. महाराष्ट्राचें हें दुःख तीन शतकांहून अधिक जुनें आहे.

हाच अंत लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ ह्या हिंदी चित्रपटानें ता. १४ फेब्रुवारी २०२५ पासून गांवोगांवच्या पडद्यांवर आणला. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला असून, त्याच्या अखेरच्या भागांत महाराजांचा छळ विस्तारानें दाखविला आहे. परिनिरीक्षण मंडळानें त्यास ‘यूए १६+’ ह्या वर्गाचें प्रमाणपत्र दिलें. २०२३ सालच्या दुरुस्त कायद्यानें ७, १३ व १६ अशा वयाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. परंतु ह्या पायऱ्या मनाई करीत नाहींत. त्या वयाखालील मुलानें चित्रपट पाहावा कीं नाहीं, हें पालकांनीं ठरवावें, इतकेंच त्या सांगतात. दार मंडळानें लोटून घेतलें आहे. कडी घालणें न घालणें घरच्या वडील माणसांच्या हातीं आहे. पुष्कळ घरांनीं ती घातली नाहीं. चित्रपटगृहांत हुंदके देणारीं लेंकरें दिसलीं, आणि कित्येकांस त्याचें कौतुकही वाटलें.

हें कौतुक कितपत योग्य आहे, ह्याचा शांतपणें विचार व्हावयास हवा. एक पक्ष म्हणतो, ज्यांनीं एवढें सोसलें त्यांचें सोसणें आमच्या मुलांनीं दोन घटका पाहूंही नये काय? खुद्द शाहूराजे पित्याच्या वधाच्या वेळीं सात वर्षांचेही झाले नव्हते. दुसरा पक्ष म्हणतो, असलें कांहीं मुलांच्या कानांवरही घालूं नये. पहिल्या पक्षास आमचें उत्तर असें कीं, शाहूराजांस कोणीं विचारलें नव्हतें. तें त्यांचें दुर्दैव होतें, शिक्षण नव्हे. दुसऱ्यास उत्तर असें कीं, सत्य झांकून ठेवल्यानें मूल सुरक्षित होत नाहीं, अडाणी मात्र राहातें. दोन्ही पक्ष एक भेद विसरतात. तो भेद म्हणजे जाणणें आणि पाहाणें ह्यांतील होय.

हा भेद आमच्या पूर्वजांस पूर्णपणें ठाऊक होता. भरताच्या नाट्यशास्त्रानें रंगभूमीवर वध दाखविण्यास सामान्यतः मनाई केली आहे. भासानें ‘ऊरुभंगां’त ती मोडली, पण तो अपवादच. ग्रीक नाटकांतही हत्या बहुधा पडद्याआड होई आणि दूत येऊन तिचा वृत्तांत सांगे. शेक्सपिअरनें मात्र ‘किंग लिअर’ नाटकांत ग्लॉस्टरचे डोळे भर रंगमंचावर काढविले; तेव्हां डॉ. जॉन्सनसारख्या खंबीर टीकाकारानेंही हें कृत्य प्रयोगांत सहन होण्यापलीकडचें आहे, असा अभिप्राय दिला. हा प्रवेश वर्गांत वाचतांना एकोणीस-वीस वर्षांचे तरुणही खालीं पाहूं लागतात, असा आमचा अनुभव आहे. पण पुस्तक मिटतां येतें, क्षणभर थांबतां येतें. आमच्या नाशिकांत राहून अध्यापन करणाऱ्या वसंत कानेटकरांनीं १९६८ सालीं ‘इथे ओशाळला मृत्यू’ ह्या नाटकांत हाच विषय हाताळला, तो शब्दांच्या बळावर. कथा सांगणारी आजी तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहात सांगते. नातवाचे ओठ थरथरूं लागले कीं तिचा आवाज उतरतो आणि गोष्ट दुसरें वळण घेते. पडदा कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहात नाहीं. सहा वर्षांच्या व साठ वर्षांच्या प्रेक्षकास तो एकाच मापानें वाढतो.

ह्याचा अर्थ आम्ही चित्रपटाचे वैरी आहों असा नव्हे. दादासाहेब फाळके १८७० सालीं जेथें जन्मले, तें त्र्यंबकेश्वर ज्या नाशिककरांच्या शेजारीं आहे, त्यांस असें वैर शोभणार नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. भ्यालेलें मन तोलून पाहूं शकत नाहीं. पडद्यावर जें दिसलें तें सर्वच घडलें, असें तें धरून चालतें. ह्याच चित्रपटांतील गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणास शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनीं त्यांची क्षमा मागितली. ही वार्ता प्रौढांनीं वर्तमानपत्रांत वाचली. हुंदके देत घरीं गेलेल्या बालकास ती कोण सांगणार? पुढें मार्च २०२५ मध्यें नागपुरांत दंगल झाली, तेव्हां ह्या चित्रपटानें लोकभावना प्रज्वलित झाल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनीं विधिमंडळांत केला. भावनेचा असा भार जर जाणत्यांसही पेलत नाहीं, तर तो अजाण खांद्यांवर देतांना विचार करावा हें बरें.

आणखी एक हानि होते, ती ह्याहून मोठी. महाराजांनीं सुमारें नऊ वर्षें राज्य केलें. कैदेंतील दिवस चाळिसांच्या आसपास. मल्हार रामराव चिटणीसांनीं शंभरांहून अधिक वर्षांनंतर लिहिलेल्या बखरीनें त्या नऊ वर्षांवर काळिमा फासला. तो पुसण्यासाठीं वा. सी. बेंद्रे यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें कागदपत्रें धुंडाळलीं आणि १९६० सालीं महाराजांचें साधार चरित्र सिद्ध केलें. ज्या राजाचें जीवन इतक्या कष्टानें परत मिळालें, त्याचा केवळ मृत्यूच आमच्या मुलांच्या वांट्यास यावा काय? लहान मुलाच्या स्मरणांत जें अति भयंकर तेंच उरतें; बाकीचें सर्व त्याखालीं बुडून जातें.

म्हणून क्रम असा असावा. आधीं जीवन, मग मृत्यु. नाशिकच्या उत्तरेस सुमारें १५ किलोमीटरांवर रामसेजचा लहानसा किल्ला आहे. १६८२ सालीं औरंगजेबाच्या सैन्यानें त्यास वेढा घातला, आणि एकामागून एक सरदार बदलूनही १६८७ पर्यंत तो हातीं आला नाहीं. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनीं लांकडाच्या तोफा केल्या, असें मोंगलांकडील खाफीखानच लिहितो. दहा वर्षांच्या मुलास तेथें न्यावें. लांकडाची तोफ फुटत कशी नाहीं, असें तें विचारील. आणि इतिहासाचें शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होईल. तुळापूरची कथाही त्यास सांगावी, पण तोंडानें, त्याच्या चेहऱ्याकडे पाहात. तेराव्या-चौदाव्या वर्षीं त्यानें चित्रपटाचा हट्ट धरला, तर वडिलांनीं तो आधीं स्वतः पाहावा, मुलाचा स्वभाव ओळखावा, आणि नेलेंच तर मध्येंच उठून येण्यांत कमीपणा नाहीं हें त्यास अगोदर सांगून ठेवावें. सोळाव्या वर्षानंतर सर्वांनीं मिळून जावें आणि त्याच रात्रीं घरीं बसून खरें किती, रचलेलें किती, ह्याची चर्चा करावी.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बहादुरगडची धिंड हा बादशहानें मांडलेला एक देखावाच होता. पाहाणाऱ्यांनीं भ्यावें, हाच त्याचा हेतु. महाराष्ट्र भ्याला नाहीं. राजाराम महाराज जिंजीस गेले, संताजी-धनाजींनीं युद्ध चालविलें, ताराबाईंनीं तें पुढें नेलें, आणि १७०७ सालीं भिंगार येथें बादशहाच मरण पावला. ही पुढली अठरा वर्षें ज्या मुलास ठाऊक आहेत, तें तुळापूर पाहूनही ताठ मानेनें उठेल. ज्यास तीं ठाऊक नाहींत, त्याच्या पदरीं केवळ भय पडेल. आणि तें भय तर औरंगजेबाला हवें होतें, आपणांस नव्हे.