यंत्रातल्या तेलावर चोवीस तास नजर कशी ठेवतात? माहुलच्या निमित्ताने समजून घेऊया

चेंबूरजवळच्या माहुलमध्ये भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांच्या रिफायनऱ्या आहेत. दोन्ही १९५० च्या दशकात परदेशी कंपन्यांनी सुरू केल्या आणि १९७० च्या दशकात त्या सरकारकडे आल्या. जवळच टाटा पॉवरचे ट्रॉम्बे वीज केंद्र आहे. देशातला ५०० मेगावॅटचा पहिला संच तिथे १९८४ मध्ये सुरू झाला.

अशा कारखान्यांतले मोठे पंप, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन महिनोन्महिने न थांबता फिरतात. त्यांच्या बेअरिंगमध्ये धातूला धातू घासू न देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तेलाचा पातळ थर. काही बेअरिंगमध्ये हा थर जेमतेम एक मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

तेल बिघडते म्हणजे काय?

मुख्यतः चार गोष्टी होतात.

- कण मिसळतात. बाहेरची धूळ आत जाते किंवा यंत्र झिजून धातूचा चुरा तेलात येतो.
- पाणी शिरते. गळका कूलर, टर्बाइनची वाफ किंवा पावसाळ्यातली दमट हवा यामुळे पाणी येते. मुंबईत शेवटचे कारण दरवर्षीचेच.
- तेल जुने होते. उष्णता आणि ऑक्सिजनमुळे त्यात आम्ल आणि चिकट गाळ तयार होतो.
- घट्टपणा बदलतो. रिफायनरीत गॅस दाबणाऱ्या काही कॉम्प्रेसरमध्ये गॅसमधले हलके घटक तेलात विरघळतात. तेल पातळ होते आणि ते पेट घेण्याचे तापमानही खाली येते.

बाटलीची पद्धत आणि तिची अडचण

गॅरेजमधला मेकॅनिक काडी बाहेर काढून तेल बोटावर चोळून बघतो. कारखान्यात यासाठी ठराविक दिवसांनी बाटलीत नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवतात. ही तपासणी सखोल असते, पण अहवाल यायला काही दिवस लागतात. शिवाय दोन नमुन्यांच्या मधल्या काळात काय झाले, हे बाटली सांगत नाही. कूलर आज फुटला आणि पुढचा नमुना तीन आठवड्यांनी असेल, तर तोपर्यंत यंत्र पाणीमिश्रित तेलावर चालत राहते.

छोटा ब्लॉक, आत अनेक सेन्सर

म्हणून तेलाच्या लाइनवरच उपकरण बसवतात. मुख्य पाइपमधून एक बारीक फाटा काढतात. त्यातून थोडे तेल एका धातूच्या ब्लॉकमधून फिरून परत टाकीत जाते. ब्लॉकवर गरजेप्रमाणे सेन्सर जोडता येतात आणि एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. यालाच मॉड्युलर रचना म्हणतात.

कण मोजणारा सेन्सर तेलातून प्रकाश सोडतो आणि पलीकडे पडणाऱ्या सावल्या मोजतो. लोखंडाचा चुरा तारेच्या वेटोळ्यातल्या चुंबकीय बदलावरून कळतो. पाणी आणि तेलाचे जुनेपण विद्युत गुणधर्मांतल्या बदलावरून समजते. घट्टपणासाठी तेलात एक छोटा भाग कंप पावतो. तेल जितके घट्ट, तितका त्याच्या कंपनाला विरोध जास्त. हे सगळे आकडे केबलने कंट्रोल रूममध्ये जातात.

आकडे कसे वाचायचे?

स्वच्छतेसाठी आयएसओ ४४०६ हे मानक आहे. समजा स्क्रीनवर १८/१६/१३ दिसले. हे तीन आकडे एक मिलिलीटर तेलातल्या अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे वर्ग आहेत. १८ म्हणजे १,३०० ते २,५०० कण, तर १३ म्हणजे ४० ते ८०. वर्ग एकाने वाढला की कण दुप्पट होतात. म्हणजे १८ चे २१ झाले, तर वाढ तीनची दिसते, पण कण साधारण आठपट झालेले असतात.

घट्टपणा नेहमी तापमानासोबत वाचायचा, कारण गरम तेल पातळ असतेच. ‘व्हीजी ४६’ तेलाचा घट्टपणा ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटिस्टोक असतो आणि त्यात १० टक्के कमी-जास्त चालतो.

पाणी बहुधा टक्क्यांत दाखवतात. तेलात जितके पाणी विरघळू शकते, त्यातले किती भरले, ते हा टक्का सांगतो. गरम तेलात जास्त पाणी मावते. यंत्र बंद पडून तेल थंड झाले की तेच पाणी वेगळे होऊन तळाशी साचते.

सेन्सरवर किती विसंबायचे?

हवेचे बुडबुडे आणि पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजले जाऊ शकतात. सेन्सर फिल्टरच्या पुढे बसवला, तर यंत्र झिजत असूनही तेल स्वच्छ दिसते. म्हणून तो बेअरिंगमधून परतणाऱ्या तेलावर, फिल्टरच्या आधी बसवणे योग्य. जिथे ज्वलनशील वायू असू शकतो, तिथे ठिणगी न पाडणारे, त्या जागेसाठी प्रमाणित उपकरणच लागते. सेन्सरने इशारा दिला की खात्रीसाठी बाटली प्रयोगशाळेत पाठवायचीच. म्हणजे बाटली बंद होत नाही, ती कधी पाठवायची हे नेमके कळते.

शेजारी राहणाऱ्यांना याचे काय?

८ ऑगस्ट २०१८ रोजी माहुलच्या भारत पेट्रोलियम रिफायनरीत हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन आग लागली आणि ४० हून अधिक जण जखमी झाले. तेल तपासणारे सेन्सर प्रत्येक अपघात टाळू शकत नाहीत. गंजलेला पाइप किंवा चुकीने उघडलेला व्हॉल्व्ह त्यांना दिसत नाही. पण बेअरिंग निकामी होऊन सील फुटणे आणि गॅस बाहेर येणे, ही अपघाताची एक ओळखीची वाट आहे. तिची पहिली खूण बऱ्याचदा तेलात उमटते. ती वेळेत दिसली, तर यंत्र ठरवून बंद करता येते आणि दुरुस्ती करणारा कामगार थंड झालेल्या यंत्राजवळ जातो. कुंपणाला लागून वस्ती असलेल्या माहुलसारख्या ठिकाणी हा फरक फार मोठा आहे.

मात्र इशारा आल्यावर यंत्र थांबवायचा अधिकार कोणाला, हे आधीच लिहून ठेवलेले हवे. नाहीतर स्क्रीनवरचा लाल दिवा नुसताच पेटून राहतो.