चूल आणि पाटी

सन १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील अनेक राजबंदी नाशिकच्या तुरुंगात दिवस कंठीत होते. त्यांपैकी तेहतीस वर्षांच्या एका शिक्षकाने ९ तारखेला लेखणी हाती घेतली, ती १३ तारखेच्या पहाटे खाली ठेवली. एवढ्या अवधीत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला होता. पांडुरंग सदाशिव साने यांचे हे पुस्तक ज्याने वाचले नाही असा श्रोता विरळा. आणि वाचताना ज्याचे डोळे ओले झाले नाहीत, असा त्याहूनही विरळा. परंतु आसवे पुसून तेच पुस्तक स्वयंपाकघराच्या बाजूने पुन्हा वाचले, तर त्यातील माउली एका निराळ्याच स्वरूपात दिसू लागते. ज्या कामाला त्या काळचे पुरुष बायकी म्हणून नाक मुरडीत, त्या कामात ती आपल्या मुलाला ओढून घेताना दिसते.

पत्रावळीचा प्रसंग घ्या. ज्याने त्याने आपली पत्रावळ आपण लावावी, असा त्या कोकणातील घराचा शिरस्ता. श्यामला ती येत नाही, आणि येत नाही याची लाजही नाही. आई त्याचे लाड करीत नाही. मुलगा रुसतो, फुगतो, आणि अखेरीस बहिणीजवळ बसून चोयांनी पाने टाचावयास शिकतो. दुसरा प्रसंग अळणी भाजीचा. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात, आणि आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला आपली चूक कळते. रांधणारणीच्या कष्टांची जाणीव ठेवून जेवावे, हा तिथला धडा. वास्तविक ही जाणीव ज्याने स्वतः एकदा तरी चुलीपुढे बसून डोळ्यांत धूर घेतला आहे, त्याला जितकी सहज येते तितकी उपदेशाने येत नाही.

पुढे हा मुलगा विद्येसाठी औंध संस्थानात गेला, तेव्हा हाताने रांधून जेवण्याचा प्रसंग त्याच्यावर आलाच. आणि १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असता छात्रालयाचा भार त्याच्याकडे आला, तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या आवरण्याचे काम गुरुजी गुपचूप स्वतःच उरकीत. येथे एक विसंगती मनात आल्यावाचून राहत नाही. आई मुलाला काम करावयास लावी. गुरुजी मुलांचे काम आपणच करून त्यांना शरमिंदे करीत. शिक्षक म्हणून दोघांत आईच अधिक पक्की म्हणावी लागेल.

श्यामसारखी मुले त्या काळी घरोघर नव्हती. खेड्यातून शहरात शिकावयास आलेल्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यापुढे तीन वाटा असत : माधुकरी मागावी, सात घरी वार लावून जेवावे, नाहीतर कनवटीला पैसा असेल तर खानावळ धरावी. तिन्ही वाटांनी अन्न दुसऱ्याच्या चुलीवरचे. संस्कृताची रूपे घडाघडा म्हणणारा सोळा वर्षांचा मुलगा वाराच्या घरी सुतक आले तर त्या दिवशी उपाशी राही. कारण पिठाचे पुढे काय करावयाचे हे त्याला कोणी शिकविलेलेच नव्हते. मुलींची गोष्ट उलट. त्यांना चूल होती, पाटी नव्हती. पाटी मिळाली तीही चुलीच्या सोबतीने. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा हजार पाकक्रियांचा ग्रंथ १९१० साली निघाला, त्याचे नावच ‘गृहिणीमित्र’. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, त्यात गृहशास्त्राला मानाचे स्थान मिळाले. रांधणे ही शिकण्याजोगी विद्या आहे, हे त्यामुळे मान्य झाले. मात्र ती मुलांनीही शिकावी, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

ब्राह्मणेतर मुलांना तर वाराचे घरही नव्हते. त्यांच्यासाठी वसतिगृहे निघाली, आणि या कथेत नाशिक पुन्हा येते. १५ एप्रिल १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते नाशकात उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसली. महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती : मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांचे. जातवार वसतिगृहे कशासाठी, असा प्रश्न आजच्या श्रोत्याला पडेल. त्याची इतर कारणे असतील. पण एक कारण चुलीजवळ होते. एकाने शिजविलेले दुसऱ्याला चालत नसे. नाशकातच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. जिथे देवाचे दार उघडत नव्हते, तिथे स्वयंपाकघराचे दार कोण उघडणार?

ते उघडणारा माणूस याच कोल्हापुरातल्या एका वसतिगृहातून बाहेर पडला होता. बाहेर काढला गेला होता, म्हणणे अधिक खरे. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करावयास नकार दिला, म्हणून भाऊराव पाटील या विद्यार्थ्यास जैन बोर्डिंगातून जावे लागले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह उघडले, त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. इथे स्वयंपाकपाणी, झाडलोट, भांडी हे सारे मुलेच करीत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीदच होते. परंतु त्या भाकरीचा अर्थ काटकसरीहून मोठा होता. महाराने थापलेली भाकरी मराठ्याच्या पानात पडू लागली. जातिभेदावरील शंभर व्याख्यानांनी जे साधले नसते, ते पोरांच्या कच्च्या-करपलेल्या भाकऱ्यांनी साधले. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. त्या मुलांच्या हाती परात होती, तशी कणगीत दाण्याची तजवीजही होती. गावोगावच्या बाया दळताकांडताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढीत, आणि कोठारात काहीच उरले नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. अखेरीस मंगळसूत्रही गेले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला नव्या शिक्षणाची परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात सूतकताई होती, शेती होती, सुतारकाम होते. शेवटच्या दोन वर्षांत उद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा ठेविली, ती मुलींना! हाताने शिकण्याचा एवढा मोठा पुरस्कार करणाऱ्यांच्याही कागदावर मुलगा उंबरठ्याबाहेरच राहिला. सेवाग्रामच्या प्रत्यक्ष शाळेत मात्र मुलगे आणि मुली दोघांच्याही स्वयंपाकाच्या पाळ्या असत. तेथे २००५ साली आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू झाली, तिच्यातही स्वयंपाक शिक्षणाचाच भाग मानला जातो.

या सगळ्याला आता शास्त्राचाही थोडा आधार मिळू लागला आहे. न्यूझीलंडमध्ये २०१२ साली सुमारे साडेआठ हजार शालेय विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिच्यावरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दिसले की, ज्या मुलांना आपल्याला स्वयंपाक येतो असे वाटत होते, त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे कमी होती आणि घरच्या माणसांशी जिव्हाळा अधिक होता. अर्थात रांधल्याने मन प्रसन्न होते की प्रसन्न मनाचे मूलच आपण होऊन रांधावयास जाते, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

आणि नाशिकच्याच वाटेवर या कथेला आणखी एक वळण आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँकेतील खात्यांवर टाकावयाचे ठरविले. वरवर पाहता हेही स्वावलंबनच. पण खात्यावरच्या रकमेला चूल नसते, आणि ती जमा होण्याची वाट पोट पाहत नाही. जुलै महिन्यात विद्यार्थी पुण्याहून पायी निघाले. नाशकात आदिवासी विकास आयुक्तालय आहे, तिथे त्यांना आपले गाऱ्हाणे मांडावयाचे होते. यांतील कित्येकांना लहानपणापासून नागलीची भाकरी थापता येत असेल. त्यांचे भांडण रांधण्याशी नव्हते, कणगी कोणी भरावयाची याच्याशी होते. सिन्नर तालुक्यातील नांदूरशिंगोटे येथे पोलिसांनी त्यांना अडविले.