कच्छचे अमोनाइट आणि त्यांची बारशी

मुंबई इंजिनिअर्समधल्या कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट याने कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला आणि जोडीला तिथल्या उघड्याबोडक्या टेकड्यांवरचे दगडी शंखही गोळा केले. त्याचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८४० साली छापला. शंखांचे बारसे केले जेम्स द कार्ल सोवर्बी याने. एक झाला 'अमोनाइट्स माया', दुसरा दांडगा 'अमोनाइट्स एलिफंटिनस'. आडनाव सगळ्यांचे एकच, कारण त्या काळी जगभरचे बहुतेक अमोनाइट या एकाच प्रजातीत कोंबलेले असत.

दिसायला गोगलगायीसारखा असला, तरी हा प्राणी माकूळ आणि अष्टपादाचा नातलग. मृदुकाय संघातल्या शीर्षपाद वर्गातला. शंखाच्या शेवटच्या मोठ्या कप्प्यात तो राही. मागचे कप्पे पडदे घालून बंद केलेले, त्यांत वायू भरलेला. पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो तिथे एक रेघ उमटते आणि वरचे कवच झिजले की ती दिसू लागते. अभ्यासक तिला शिवण म्हणतात. लिओपोल्ड फॉन बूख या जर्मन भूशास्त्रज्ञाने १८३०च्या सुमारास तिचे महत्त्व ओळखले. जुन्या गोनिअटाइटांत ती साधी नागमोडी, सेराटाइटांत एका बाजूने दातेरी, आणि खऱ्या अमोनाइटांत कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. मोठे गट पाडायला एवढे पुरते. जवळच्या जाती वेगळ्या करायच्या, तर कंगोरे किती, ते कुठे दुभंगतात, वेटोळे किती घट्ट, हे सगळे मोजावे लागते.

आपल्या देवघरांतही हे शंख आहेत. गंडकीच्या पात्रातून येणारे पुष्कळसे शाळिग्राम म्हणजे हिमालयातल्या ज्युरासिक थरांतले अमोनाइटच. पुराणांनी त्यांचेही वर्गीकरण केले होते : द्वारे किती, चक्रे किती, रंग कोणता, यावरून लक्ष्मीनारायण, नरसिंह, वामन. हेतू निराळा, पण दगड हातात घेऊन खुणा मोजण्याची रीत तीच.

कच्छमध्ये पुढचे मोठे काम केले फर्डिनांड स्टोलिच्का याने. भारतीय भूसर्वेक्षण विभागाचा हा मोराव्हियातला तरुण १८७१-७२ मध्ये तिथे फिरला. तिथल्या थरांचे त्याने पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया असे चार गट पाडले. ही नावे अभ्यासकांच्या तोंडी आजही आहेत. १८७४ मध्ये, यारकंदहून परतताना, तो काराकोरमच्या उंचीवर वारला. वय अवघे ३६. कच्छचे शंख तोवर विल्हेल्म वागेनच्या हाती गेले होते. १८६५ मध्ये एडुआर्ड झ्यूसने अमोनाइट्स ही प्रजाती फोडायला सुरुवात केली होतीच. वागेनने कच्छच्या जाती नव्या प्रजातींत वाटून दिल्या आणि त्यांची वर्णने १८७३ पासून ग्रंथरूपाने येऊ लागली.

मग आला एल. एफ. स्पाथ. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून, इतरांनी जमवलेल्या नमुन्यांवर त्याने १९२७ ते १९३३ या काळात सहा भागांचा ग्रंथ लिहिला. फरक दिसला की नवे नाव, हा त्याचा खाक्या. धोसा गावावरून धोसाइट्स, कटरोलवरून कट्रोलिसेरस, उमियावरून उमियाइट्स. आणि १९२८ मध्ये चक्क शिवाजीसेरस! मराठी वाचकाला हे वाचून गंमत वाटेल. पण नावांची ही उधळण पुढच्या पिढ्यांना जड गेली, हेही खरे.

१९६२-६३ मध्ये तिला मोठा धक्का बसला. पोलंडचा माकोव्स्की आणि लंडनमधला, पेशाने रसायनशास्त्रज्ञ असलेला जॉन कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की एकाच थरात सापडणारे मोठे आणि लहान शंख पुष्कळदा एकाच जातीचे असतात. आतली वेटोळी दोघांची सारखीच. मोठा बहुधा मादीचा, लहान नराचा. लहानाच्या तोंडाशी कधीकधी कानासारख्या पाळ्याही असतात. म्हणजे नवराबायकोला वेगवेगळ्या प्रजातींत नोंदवून ठेवले होते! कच्छच्या चारी थरातल्या मॅक्रोसेफॅलाइटिस या प्रजातीच्या घरात असे पुष्कळ घडले होते. बकमन या इंग्रज अभ्यासकाने वेगळ्या काढलेल्या काम्प्टोकेफॅलाइटिस आणि डोलिकेफॅलाइटिस या छोट्यांना आता बरेच अभ्यासक त्याच घरातले नर मानतात. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनीही कच्छच्या अनेक जोड्या अशाच जुळवल्या.

तरी स्पाथला नुसता नावांचा कारखानदार म्हणणे अन्यायाचे होईल. सोवर्बीच्या 'माया'ला त्याने मायाइटिस ही स्वतंत्र प्रजाती दिली आणि पुढे तिच्याभोवती मायाइटिडी हे कुल उभे केले. या कुलातले शंख कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका, नेपाळ आणि इंडोनेशिया इथे मिळतात, युरोपात नाहीत. ज्युरासिक काळच्या समुद्रांतली जीवसृष्टी प्रदेशागणिक वेगळी होती, याचा हा भक्कम पुरावा आहे आणि हे कुल आजही कायम आहे.