व्यायाम आणि मनःस्थिती : श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

धानाच्या रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातील बाया सकाळपासून चिखलात वाकून राबत असतात. मन उदास असेल तर व्यायाम करा, असा सल्ला त्यांना देणे ही थट्टाच ठरेल. व्यायामाने मन हलके होते, याला संशोधनाचा आधार आहे. पण कोणत्या हालचालीने, हा प्रश्न शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात टाळता येत नाही.

अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी आढळला. पोटासाठी केलेल्या कष्टांचा मात्र मानसिक अस्वास्थ्याशी. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मजुरीत वेळ, वेग आणि विश्रांती दुसऱ्याच्या हाती असते. वर कर्जाची आणि पावसाची चिंता. दिवसभर राबलेल्या माणसाला व्यायामापेक्षा विसाव्याची गरज अधिक असू शकते. शिवाय हा सल्ला देणारे बहुधा खुर्चीवर बसून काम करणारे असतात!

खुर्चीवरच्या नोकरदाराची अडचण वेगळी. त्याचे शरीर स्थिर असते आणि मन त्याच त्या विचाराचे रवंथ करीत राहते. आपल्या उदासीनतेवरच विचार घोळवत बसल्याने ती लांबते, असा सिद्धांत सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ मध्ये मांडला. हे चक्र चालण्याने सैल होते काय, हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३८ जणांपैकी काही ९० मिनिटे निसर्गरम्य परिसरात, तर काही वाहनांच्या रस्त्याने चालले. पहिल्या गटात असे रवंथ कमी झाले आणि मेंदूतील त्याच्याशी निगडित भागाची क्रियाही मंदावली. प्रयोग लहान, चालणे एकदाच. त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. परंतु भंडारावासीयांना त्याचा पडताळा घेण्यासाठी वैनगंगेचा काठ जवळच आहे.

एंडॉर्फिनमुळे आनंद होतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊनही धावपटूंना धावल्यानंतरची प्रसन्नता जाणवलीच. त्याशिवाय सुधारलेली झोप आणि ठरवलेले काम पार पाडल्याचे समाधान यांचाही वाटा असावा.

नैराश्याच्या आजारावर ड्यूक विद्यापीठात झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशी व त्यापुढील १५६ रुग्ण होते. औषधांचा परिणाम लवकर दिसला. पण १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे, औषध घेणारे आणि दोन्ही करणारे अशा तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. २०२४ मध्ये २१८ चाचण्यांच्या आढाव्यातही चालणे, धावणे, योग आणि वजनांचे व्यायाम उपयुक्त आढळले. मात्र पुराव्याची खात्री मर्यादित असल्याचे संशोधकांनीच नमूद केले.

खरी अडचण पुढेच आहे. नैराश्यात माणसाला अंथरुणातून उठणेही जड जाते; त्याला 'पाच किलोमीटर चाला' सांगून काय उपयोग? गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावर उपाय अजमावला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता आवडीच्या छोट्या कृती ठरवून करण्यास सांगितले. २०१७ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटातील ६४ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतील ३९ टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बऱ्याच अंशी बाहेर आले. हा काही व्यायामाचा कार्यक्रम नव्हता; पण तत्त्व तेच. म्हणून पहिल्या दिवशी अंगणापर्यंत, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, तेही ठरल्या वेळी, शक्यतो सोबतीने जावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याला किमान १५० मिनिटे हा नंतरचा टप्पा.

चालू असलेली औषधे व्यायामाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नयेत. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटावे. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनाशुल्क बोलता येते.