टंचाईची नक्कल

दुसऱ्या महायुद्धात, १९४२पासून, अमेरिकेत धातू आणि दोरा जपून वापरायचे हुकूम निघाले. लीवाइजच्या ५०१ जीन्सवरचे काही रिव्हेट गेले. मागच्या खिशावरची कमानीसारखी दुहेरी शिलाई नुसती रंगाने काढली जाऊ लागली. आतले खिसे मिळेल त्या कापडाचे झाले. आज जपानमध्ये कोजिमातले छोटे कारखाने हीच टंचाई जुन्या शिलाई यंत्रांवर निगुतीने पुन्हा घडवतात.

मीही तशी एक जीन्स घेतली. खिशाचं विजोड अस्तर पाहिलं आणि आजी आठवली. तिने उरलेल्या चिटाचे खिसे लावून दिलेली पँट मी शाळेत लपवायचो. तिच्या काटकसरीची लाज वाटायची. परक्यांच्या काटकसरीची नक्कल मात्र अर्धा पगार मोजून घेतली.