भोंगा नसलेली भूक

लालबाग-परळमध्ये एकेकाळी घड्याळापेक्षा गिरणीचा भोंगा मोठा होता. पाळी, सुट्टी, जेवण सारे त्याच्या तालावर. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार खानावळीत जेवायचा. ही खानावळ म्हणजे बहुधा चाळीतल्याच एखाद्या बाईची चूल. अशा बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

या ताटाला जोड होती वडापावची. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. स्वस्त, गरम आणि उभ्या उभ्या खाता येणारा. तोही तळलेलाच, मैद्याच्या पावातला, औषध नव्हे. पण खाणारा पाळीभर यंत्रापुढे घाम गाळायचा आणि भोंगा झाला की खाणे थांबायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करून मिटल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. अंगमेहनत गेली, खुर्ची आली आणि हाताशी आले रंगीत पाकीट.

हे पाकीट सुटत का नाही? मीठ, तेल आणि पिष्ट यांचा मेळ जिभेला पुन्हा बोलावील असा बेतलेला असतो. कुरकुरीत घास तोंडात विरून जातो, फारसा चावावा लागत नाही. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोवर पाकीट रिकामे! अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन संस्थेने २०१९ मध्ये वीस जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, मीठ, मेद सारखेच वाढलेले. तरी कारखान्यातल्या अन्नावर माणसे भराभर आणि दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढले.

नुकसान वजनापुरते नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. त्याहून जास्त मीठ रक्तदाब वाढवते.

तेव्हा घरातल्या पोराला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून बोल लावू नका. वाटीत मूठभर काढून पाकीट फडताळात ठेवा. आता भोंगा आपल्यालाच वाजवावा लागणार आहे.